तपासणीपुरते वाचक

"अंगाला लागू देऊ नको. वरूनच घाल."

फ्रॉक पिवळा होता, गळ्याशी पांढरी लेस. आप्पांच्या नातीचा. माझ्या अंगावर माझा शाळेचा झगा होता, काखेत उसवलेला. तो काढायचा नव्हता. त्याच्यावरूनच फ्रॉक चढवायचा होता, म्हणजे माझी कातडी त्या कापडाला लागणार नव्हती. आधी नळावर पाय धुवायला लावले. मग म्हणाले, घोट्यापर्यंतच धुतलेस, वर मळ दिसतोय. परत धुतले. मी तिसरीत होते आणि हे सगळं मला एका वाचनालयाच्या दारात करायला लावलं होतं.

आमचं गाव घोड नदीच्या काठाला. इनामगावपासून फार लांब नाही. नाव सांगत नाही, कारण नाव सांगितलं की बाकीची गावं हात झटकून मोकळी होतात. गावठाण वर, उंचावर. आमची भिल्लांची वस्ती खाली, नदीला लागून. बाप मासे धरायचा, हंगाम आला की ऊस तोडायला जायचा. वर गावात सरकारी अनुदानावरचं सार्वजनिक वाचनालय होतं. स्लॅबची पक्की इमारत, एक मोठा हॉल, मागे संडास, बाहेर पाटी. पाटीवर लिहिलेलं होतं, 'सर्वांसाठी खुले'. आणि पाटीच्या खाली कुलूप होतं. ते वर्षभर तिथंच असायचं.

कुलूप निघायचं तपासणीला. पुण्याहून साहेब यायचे आणि वाचनालय नीट चालतंय का ते बघून जायचे, त्यावर अनुदान ठरायचं. साहेब कधी येणार ते आधी कळायचं. मग गावात वाचक बसवायचे. हा आमच्याकडचा शब्दच आहे, वाचक बसवणं. म्हाताऱ्यांच्या हातात पेपर देऊन त्यांना खिडकीशी बसवायचं. बायकांना एका बाजूच्या सतरंजीवर. पोरांना गोष्टींची पुस्तकं. मागासवर्गातले वाचकही दिसले पाहिजेत, म्हणून वस्तीतलं एखादं बरं दिसणारं पोर वर आणायचं. त्या वर्षी ते पोर मी होते.

वाचनालयाचे अध्यक्ष म्हणजे आप्पा. मोठे बागायतदार, सोसायटीत त्यांचा शब्द चालायचा. ग्रंथपाल म्हणजे त्यांचा पुतण्या. तो पगारापुरता ग्रंथपाल होता. "अंगाला लागू देऊ नको" हे तोच म्हणाला होता.

मला एक पुस्तक दिलं आणि सांगितलं, मान खाली घालून बस, साहेबांनी काही विचारलं तर नुसती हस. मी पुस्तक उघडलं. मला वाचता येत होतं, हे त्यांनी धरलंच नव्हतं. गोष्ट एका पोरीची होती. तिची कळशी बारवेत पडते. घरी मार बसणार म्हणून ती एकेक पायरी उतरत जाते. खाली अंधार वाढत जातो. आणि खालून कुणीतरी तिला तिच्या नावानं हाक मारतं.

मी सगळं विसरले. पाय, फ्रॉक, साहेब, सगळं. साहेब आले कधी, चहा प्याले कधी, गेले कधी, मला पत्ता नाही. जीप निघाली तशी सगळ्यांनी पुस्तकं मिटली. म्हातारे उठले, बायकांनी सतरंजी गुंडाळली. मी एकटीच वाचत होते. त्या पोरीला हाक कुणी मारली ते मला बघायचं होतं.

"ए, नाटक संपलं. ठिव पुस्तक."

मी मान वर केली नाही. मला वाटलं दुसऱ्या कुणाला म्हणतोय. त्यानं पुस्तक ओढलं. माझं बोट पानात होतं, पानाचा कोपरा माझ्या हातात फाटून आला.

"बघा की, आप्पा. फाडलं हिनं."

आप्पा हसले. वाईट हसले नाहीत, माणूस कोंबडीला हसतो तसं हसले. "खाली वाचून काय करणार हाय ती, मासं मोजणार?" म्हणाले. सगळे हसले. मग मला दारात उभं करून फ्रॉक काढायला लावला. माझ्या झग्यावरून काढलेला तो फ्रॉक पुतण्यानं चिमटीत धरला आणि बादलीतल्या पाण्यात टाकला. इतर पोरांना बिस्किटाचे पुडे हातात मिळाले. माझा पुडा खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला, तिथून मी उचलायचा होता.

मी उचलला. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण उचलला. भूक होती.

घरी आईनं विचारलं, "काय केलं गं तिथं?"

"वाचलं."

"मग?"

"काढून घेतलं."

"घेऊ दे. पुडा तर दिला न्हवं?" आई म्हणाली आणि धाकट्याला बिस्कीट भरवायला लागली. बारवेतली पोरगी माझ्या डोक्यात पायरीवर उभीच राहिली. कित्येक वर्षं राहिली. मी आईवरही चिडले होते. तिच्याच्यानं दुसरं काय होणार होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यानंतर मी वाचनालयाच्या रस्त्यानं शाळेला गेले नाही. विहिरीच्या अंगानं वळसा घालून जायचे.

अकरावीला शिरूरला गेले, एसटीनं ये-जा. तिथं एक वाचनालय होतं, खरंखुरं. रोज उघडणारं. मैत्रीण मला ओढून घेऊन गेली. मी दारात उभी. पाय आत जाईना. खरं सांगते, मी नळ शोधत होते. टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "उभ्या का? बसा की. पंखा लावा हवा तर." मी मागं वळून बघितलं, कुणाला म्हणतायत म्हणून. मागं कुणी नव्हतं. मला तोवर कुणी 'बसा' म्हटलेलं नव्हतं. मी बसले आणि तोंड पुस्तकाआड घालून रडले. रडूच जास्त आलं, वाचून काही झालं नाही त्या दिवशी. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. वाचनालय असं असतं. आमच्या गावात आहे ते वाचनालय नाही, ते आप्पांचं घर आहे आणि त्याला सरकारची पाटी लावलीय.

बारावी झाली. पुढचं शिक्षण झेपणारं नव्हतं. रांजणगावच्या एमआयडीसीत कॉन्ट्रॅक्टवर लागले, पॅकिंगच्या लाइनवर. कारेगावात खोली घेतली, आम्ही चौघी जणी मिळून. त्यातल्या दोघी बिहारच्या होत्या. लग्न झालं, मोडलं, ते इथं सांगण्यासारखं नाही. सुट्टीला शिरूरच्या वाचनालयात जायचे आणि परत यायचे. गावाकडं कमीच जायचे.

मग पूर आला.

वरच्या धरणांतून पाणी सोडलं होतं. नदी दरवर्षी फुगते, वस्तीला त्याचं नवल नाही. आमची माणसं पाण्याच्या रंगावरून सांगतात किती चढणार ते. या वेळी पाणी अंदाज चुकवून आलं. मी लाइनवर होते. सुपरवायझरनं फोन घेऊ दिला कारण तो सारखा वाजत होता. थोरला भाऊ होता.

"पाणी आलं. सगळी वर हायेत, शाळेत."

"आन् घर?"

"घर न्हाई."

मी गावी पोचले तेव्हा शाळेच्या वर्गांत वस्ती बसली होती. अंगावरच्या कपड्यांनिशी. म्हाताऱ्यांना वर आणायला आप्पांनी आपला ट्रॅक्टर पाठवला होता. हे मी नाकारत नाही, नाकारणारही नाही. माझी आई त्याच ट्रॅक्टरवर बसून वाचली. गावातल्या बायकांनी पिठलं-भाकरी पाठवली. पाण्यात गावाचंही गेलं होतं. खालच्या अंगाचा ऊस आडवा झाला, नदीवरच्या मोटारी वाहून गेल्या, एकाचा अख्खा गोठा गेला. ते चार दिवस सगळं गाव एका तोंडानं बोलत होतं. मला वाटलं, झालं, आता माणसं बदलली.

पाणी ओसरलं. गुरुजी आले, हात जोडून उभे राहिले. म्हणाले, वरून आदेश आलाय, शाळा भरवायचीय. त्यांचा तरी काय दोष. वस्ती उठली. पण जायचं कुठं? घरं होती तिथं कमरेइतका गाळ, त्यात मेलेली कोंबडी, साप. आम्ही रस्त्याच्या कडेला ताडपत्र्या टाकल्या. वर ऊन, बाजूनं ट्रक. बायकांना दिवसा आडोसा नाही. आणि समोर, वरच्या अंगाला, हॉल असलेली, संडास असलेली पक्की इमारत. कुलपात. पाटी दिसत होती. 'सर्वांसाठी खुले'.

भावाची पोरगी सोनी आठ-नऊ वर्षांची. तिच्या डोळ्यांदेखत तिची शेळी पाण्यात गेली होती. त्या दिवसापासून ती बोलत नव्हती. रडतही नव्हती. जेवायला दिलं की जेवायची, ट्रक गेला की कान झाकायची. वहिनी म्हणायची, भ्यालीय, होईल बरी.

मी आप्पांकडं गेले. ते ओसरीवर बसले होते, थकलेले, आता पांढरे झालेले. मी नमस्कार केला.

"आप्पा, वाचनालय उघडा. घरं उभी राहिस्तोवर दिवसा बाया-पोरं बसतील."

"पोरी, ते बसायचं ठिकाण हाय का? पुस्तकं हायेत तिथं. चिखलाच्या पायानं वाट लागंल सगळी."

"पाय धुऊन येतील." हे शब्द माझ्या तोंडून गेले आणि माझे मलाच झोंबले.

"तसं न्हाई गं. नेम हायेत. कमिटीची मिटिंग घ्यावी लागती. रेशनची किट आल्यात, ती देतो की. सांच्याला सगळ्यांना फाटकापाशी घिऊन ये. फोटो काढायचेत."

बोलण्यात राग नव्हता. हेच मला सहन होत नव्हतं. त्यांना खरंच वाटत होतं की ते आमच्यावर माया करतायत. किट देतील, ट्रॅक्टर देतील. पण दार उघडणार नाहीत, कारण किट दिली की आम्ही खालचेच राहतो आणि दार उघडलं की आत येऊन शेजारी बसतो. हा फरक मला त्या ओसरीवर उभं असताना कळला. तळपायाची आग मस्तकात गेली. वळले आणि सरळ वस्तीवर आले. गाळ उपसायला आणलेली पहार घेतली.

आई म्हणाली, "कुठं चालली?"

"कुलूप काढायला."

ती मला अडवील असं वाटलं होतं. ती पदर खोचून माझ्या मागं निघाली. मग वहिनी निघाली, मग दोघी-तिघी अजून. सोनी आजीच्या लुगड्याला धरून. भर दुपार होती, चावडीवर माणसं बसलेली होती, सगळी बघत होती. लपवायचं काही नव्हतंच. कुलूप गंजलेलं होतं. पहार घातली आणि अंगाचं वजन टाकलं, कडी चौकटीतून खिळ्यांसकट बाहेर आली.

दार उघडलं आणि आतून कांद्याचा भपका आला.

खरंच कांदा होता. अर्ध्या हॉलमध्ये कांद्याच्या पिशव्या, छतापर्यंत रचलेल्या. भाव येईपर्यंत ठेवलेला आप्पांचा कांदा. कोपऱ्यात फवारणीचा पंप, निवडणुकीचे फलक, लग्नातली मोठी पातेली. चिखलाच्या पायांनी पुस्तकं खराब होणार होती म्हणे. कपाटं भिंतीला. एक उघडलं तर पुस्तकाच्या जागी माती. वाळवी. पुस्तक उचलावं तर पुठ्ठा हातात यायचा आणि आतलं सगळं मातीचा लगदा होऊन खाली पडायचं. मी तिथंच बसले. घर गेल्याचं कळलं तेव्हा मी रडले नव्हते, इथं रडले. पूर आमच्या घरात शिरला त्याला नदी होती. इथं नदी आली नव्हती. इथं नुसतं कुलूप होतं.

बायकांनी पिशव्या ओढून बाहेर व्हरांड्यात रचल्या. एक कांदा घेतला नाही कुणी. हॉल झाडला, पुसला. जी पुस्तकं वाळवीतून बचावली होती ती उन्हात पसरली.

आप्पा तासाभरात आले. मागं पुतण्या. चेहरा लाल.

"कुलूप कुणी तोडलं?"

"मी."

"पोलीस केस व्हईल, म्हाईत हाय का?"

"करा की. पंचनाम्यात कांदा बी लिवा."

दोन दिवसांत शिरूरहून एक पत्रकार पुराचं बघायला आला, त्यानं हॉलमधल्या पोरांचा फोटो काढला. पेपरात आलं, 'पूरग्रस्तांना ग्रंथालयाचा आधार', खाली आप्पांचं नाव. मग केसचं कुणी बोललं नाही. कांदा त्यांच्या शेडमध्ये गेला.

त्या दिवसांत मी जे बघितलं ते सांगते. बायका आत बसून गोधड्या शिवायच्या. भिजलेली आधारकार्डं, रेशनकार्डं सुकवायच्या. बारावीची एक पोरगी सगळ्यांचे अर्ज लिहून द्यायची, तिथं टेबल होतं म्हणून तलाठीही तिथंच येऊन बसायला लागला. फोन चार्ज करायला गर्दी. हळूहळू गावातलीही माणसं यायला लागली. माळ्यांच्या दोन पोरी पोलीस भरतीचा अभ्यास करायला यायच्या, घरी जागा नाही म्हणून. ऊस गेलेले शेतकरी पेपर वाचायला, भरपाईचं काय झालं ते विचारायला. ज्याचा गोठा वाहून गेला तो म्हातारा, त्याला सगळे मामा म्हणतात, रोज यायचा. पेपर समोर धरायचा, पान उलटायचा नाही. एकदा मी चहा दिला. तो माझ्या हातचा प्याला. म्हणाला, "घरी बसवत न्हाई. दारातनं रिकामा गोठा दिसतो. हितं कोण काय इचारत न्हाई." मामा खिडकीशी बसून राहिला, सोनीही त्याच खिडकीशी बसायची.

संध्याकाळच्या आधी मी पोरांना वाचून दाखवायचे. एके दिवशी सुकत घातलेल्या ढिगात ते पुस्तक सापडलं. कव्हर नव्हतं. पण मी पान ओळखलं, कोपरा फाटलेला होता. पोरांना गोल बसवलं आणि सुरुवातीपासून वाचलं. कळशी पडली, पोरगी पायऱ्या उतरली, अंधार वाढला, खालून हाक आली. पान उलटलं. पुढची सगळी पानं वाळवीनं खाल्लेली होती.

मी थांबले. पोरं माझ्याकडं बघत होती.

"वर आली का ती?"

सोनी होती. खिडकीशी बसलेली. आवाज घोगरा झाला होता इतक्या दिवसांनी. मामानं पेपर खाली घेतला.

"म्हाईत न्हाई गं," मी म्हटलं. "मला बी पुढचं कवाच वाचाय मिळालं न्हाई."

"का?"

"काढून घेतलं व्हतं."

"कुणी?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, फ्रॉक, बादली, बिस्किटाचा पुडा. मामा ऐकत होता. तो तेव्हाच्या म्हाताऱ्यांत बसलेला होता, पेपर घेऊन. त्यानं मान खाली घातली. सोनी म्हणाली, "वर आली आसंल. पायऱ्या व्हत्या की." आणि मग ती शेळीचं बोलायला लागली, थांबेचना, बोलत बोलत रडायला लागली, आणि वहिनीनं येऊन तिला पोटाशी धरलं. मी काही डॉक्टर नाही. गोष्टीनं बरी झाली असं मी म्हणत नाही, अजूनही ती झोपेत दचकते. पण तिला बोलायला चार भिंती, छप्पर आणि ऐकणारी माणसं लागत होती, ती रस्त्याच्या कडेला नव्हती. इथं होती.

कंपनीनं माझा कॉन्ट्रॅक्ट संपवला, सुट्ट्या जास्त झाल्या म्हणून. मी गावातच राहिले. कडी परत ठोकून घेतली, रोज दार उघडायचे, रोज नुसती कडी लावायचे. गाळ निघत आला, घरं पत्र्याची का होईना उभी राहायला लागली.

मग आप्पा आले. या वेळी गोड बोलत.

"पोरी, चांगलं काम केलंस. परवा तपासणी हाय. साहेब येणारेत. तुझी पोरं बसव आपली पुढच्या रांगेत. पूरग्रस्त म्हंजी जास्त बरं दिसतंय. टी-शर्ट आणल्यात मी सगळ्यांना."

"आन् तपासणी झाल्यावर?"

"झाल्यावर काय? तुमची घरं झालीच की आता. दार पुतण्याच्या ताब्यात दे. कांदा बी यायला लागंल."

मी सतरंजी गुंडाळायला लागले. त्यांना वाटलं, कबूल आहे.

तपासणीच्या दिवशी पुतण्या सकाळीच हजर. तोही आता पिकलाय. पिशवीतून पिवळे टी-शर्ट काढून वाटत होता. सोनीच्या पुढं आला. सोनी गाळ वाहून आली होती, कपड्याला चिखल होता. त्यानं टी-शर्ट तिच्या अंगावर टाकला.

"वरूनच घाल."

त्याला काही आठवलं नसणार. त्याच्या लेखी ते दोन शब्द होते. माझ्या लेखी नव्हते. नळ, बादली, कट्ट्यावरचा पुडा, सगळं एका झटक्यात समोर. सोनी शर्ट हातात धरून माझ्याकडं बघत होती. मी तो तिच्या हातातून घेतला, घडी घातली आणि पुतण्याच्या हातात दिला.

"आमच्या पोरांना कापडं हायेत."

"आगं, पण चिखल..."

"चिखल हाय. पूर आला व्हता आमच्याकडं. साहेबांना कळू दे."

एकेका पोरानं शर्ट काढून टेबलावर ठेवला. वाद घालायला वेळ नव्हता, गाडी दारात आली होती. साहेब आत आले. आप्पांनी हार घातला. साहेबांनी हॉल बघितला, कपाटं बघितली, वाळवीच्या कपाटापाशी थांबले. म्हणाले, "उपस्थिती चांगली आहे."

मी उभी राहिले.

"साहेब, आज समदी दिसणारच. तुम्ही उद्या या. न सांगता या. परवा या. आम्ही हितंच आसू. आन् कुलूप दिसलं तर आमच्यातल्या कुणालाबी इचारा, ते कुणी लावलं."

हॉलमध्ये कुणी हाललं नाही. आप्पा हसायचा प्रयत्न करत म्हणाले, "आमचीच पोरगी हाय, साहेब, पुरानं जरा..." आणि बोट डोक्याकडं नेलं.

"पुरानं न्हाई," खिडकीशी बसलेला मामा बोलला. "तिसरीत आसल्यापास्नं. मी व्हतो तवा हितं. मी बी नुसता पेपर धरून बसलो व्हतो."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मामाकडं बघितलं. चहा प्याले, सही केली, गेले. ते परत येतील का, मला ठाऊक नाही. त्यांच्या भरवशावर मी ते बोललेच नव्हते.

गाडी वळली तशी गावातून आणून बसवलेली माणसं उठली. पुतण्यानं खिशातून नवं कुलूप काढलं, पाकिटातलं, कोरं. म्हणाला, "झालं आता. उठा, पुस्तकं ठिवा."

सोनी उठली नाही. पान उलटलं तिनं. पुतण्या तिच्याकडं सरकला, हात पुढं झाला. मी मधे उभी राहिले.

"वाचतीया ती."

"मला कुलूप लावायचंय."

"आम्हाला आत घिऊन लाव."

तो आप्पांकडं बघायला लागला. वस्तीतल्या बाया जागच्या हालल्या नाहीत. माळ्यांच्या पोरी हालल्या नाहीत, त्यांनी वह्याच पुढं ओढल्या. मामानं पेपरचं पान उलटलं, पहिल्यांदाच. आप्पा मला म्हणाले, "पोरी, ट्रॅक्टर इसरलीस व्हय?"

"न्हाई, आप्पा. आई वाचली माझी त्यावर. ते जल्मात इसरणार न्हाई. पण त्याच्या बदल्यात पोरीच्या हातातलं पुस्तक देणार न्हाई."

पुतण्यानं रागानं कुलूप टेबलावर आपटलं आणि दोघं निघून गेले. ते कुलूप मी उचललं. किल्लीसकट माझ्या पिशवीत आहे.

आता समितीनं माझ्यावर तक्रार दिलीय, सार्वजनिक मालमत्तेचं नुकसान केलं म्हणून. पोलीस ठाण्यात बोलावलं, जाऊन आले. विचारलं, कुलूप तू तोडलंस का? म्हटलं, हो, मीच तोडलं. लिहून घ्या. परत बोलावतील, परत जाईन. आईला भीती वाटते, मलाही वाटते. भाऊ म्हणतो, कारेगावला परत जा, दुसरी कंपनी बघ. गावातली निम्मी माणसं माझ्याशी बोलत नाहीत, उरलेली कुणी बघत नसेल तर बोलतात. नदी पुढच्या वर्षी परत फुगणार आहे.

दार रोज सकाळी मीच उघडते. ते नवं कुलूप आणतील, तर मी ते काढीन. त्याच्यावर आणखी आणतील, तर तेही काढीन. पहार व्हरांड्यातच ठेवलीय, सगळ्यांना दिसेल अशी. आणि आत येणाऱ्या कुणाही पोराला मी पाय धुवायला सांगणार नाही.